दुसरं कार्ड

अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

चि. उद्धव यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. लिहिणारी नेहमीप्रमाणे साधना, बोलणारी मी. कुलदीप म्हणतो, आजी, माझ्या बायकोला लिहायला बसवण्यापेक्षा मोबाइलवर बोला. मागे बोललो होतो आपण. तुला ऐकू येत नव्हतं, मला येत नव्हतं, आणि दोघंही हो हो म्हणत होतो. शेवटी मी विचारलं जेवलास का, तर तू म्हणालास, परवा. आपलं पत्रच बरं.

ताराच्या नातवाने शेंदूरजनाघाटहून संत्री पाठवली. आपली बहीण जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या घरून पेटी चुकत नाही. मी एक खाल्लं. बाकीची साधनाने शेजारी वाटली, आणि मला विचारून वाटली हे विशेष.

आता खरी गोष्ट सांगते, हसू नकोस. संक्रांतीपासून दुपारी व्हरांड्यात माणसं येऊन बसतात. साधनाला दिसत नाहीत, ती खोटं बोलत नाही. आबा असतात, केशवदादा असतो, तारा असते. मयताच्या घरी बसायला येतात ना, तशी येतात. भिंतीला टेकून बसतात, बोलत नाहीत, मधूनच आतल्या खोलीकडे बघतात. मी चहा विचारला तर तारा हातानेच नको म्हणते. अशा वेळी चहा घ्यायचा नसतो हे मलाही कळतं. पण मयत कुठे आहे? चहा तर मी विचारते आहे.

कोपऱ्यात देवमन असतो. माझा मुलगा गेला तेव्हा त्याचे केस पिकले होते, पण येतो तो आठ वर्षांचा, हाफपँट घालून. माझ्याकडे बघत नाही.

त्याची हाफपँट बघितली आणि मला उलगडा झाला. चांदूर रेल्वेला त्या उन्हाळ्यात मी अंगणात कुरडया राखत बसले होते आणि कावळा येऊन माझ्या डोक्यावर बसला. सासूबाईंनी छातीवर हात मारून घेतला. म्हणाल्या, आता लोकाईले रडवावं लागते, नाईतर सून हातची जाते. यांनी लगेच कोपरे फाडून कार्डं टाकली, कौशल्या वारली म्हणून. एक माहेरी भातकुलीला आबा-केशवदादांना, एक ताराला, एक तुला. खोट्या खबरीवर माणसं खरं रडली की संकट टळतं, अशी रीत. मागोमाग दुसरं कार्ड गेलं, की कावळा बसला होता, कौशल्या खुशाल आहे. पण तेवढ्यात सगळे रडून झाले होते. तारा म्हणे गडाबडा लोळली, मले टाकून काहून गेली व माय, म्हणून. आणि आठ वर्षांचा देवमन सुट्टीत भातकुलीला होता. लेकराला कोणी सांगितलं नाही की अशी रीत असते. रडून रडून त्याला ताप भरला.

जे रडले ते सगळे गेले आणि मी सत्त्याण्णवची झाले. लोक पाया पडतात, म्हणतात आजी शंभरी गाठणार. मला लाज वाटते. उद्धव, हे आयुष्य माझं नाही, त्यांचं आहे. आईने लेकराचे दिवस खाल्ले.

आता तू तेवढा राहिलास. ही माणसं दाराजवळ एक जागा मोकळी ठेवून बसतात. मला खरं सांग, कार्ड आलं तेव्हा तू रडला होतास का?

श्याम आणि रागिणी यांना आशीर्वाद. उत्तर लवकर धाड, मला जिवाला चैन नाही.

तुझी
अक्का


अकोला
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
उद्धवचा शि. सा. न. वि. वि.

एक्क्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याला चिरंजीव म्हणणारी जगात तू एकटी उरलीस. रागिणी तुझी पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवते आणि चि. आलं की हसते. सासऱ्याला हसायला तिला तेवढंच निमित्त मिळतं.

आमचं बरं चाललं आहे. बागेतला ज्येष्ठांचा कट्टा अजून भरतो. पूर्वी तीन बाकं लागायची, आता एकावर मावतो आणि पिशव्या ठेवायला जागा उरते. आम्ही नियम केला आहे की जो आजाराचं बोलेल त्याने बागेला एक फेरी मारायची. शेषराव सगळ्यांत जास्त चालतो, त्यामुळे त्याचीच तब्येत सुधारली. परवा मलाही एक फेरी मारावी लागली. छातीत भरल्यासारखं होतं, एवढंच म्हणालो होतो.

आता तुझा प्रश्न. मी रडलो नाही. शपथेवर सांगतो, तुला शपथा आवडतात म्हणून. सुट्ट्या होत्या, मी जठारपेठेतल्या खोलीवर भूगोलाचे पेपर तपासत बसलो होतो. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आलं. अक्षर भाऊजींचं होतं, आणि काय सुंदर वळण होतं. बायको मेलेला माणूस इतका सावकाश लिहितो का? मी ओळखलं, हा तुझ्या सासूबाईंचा उद्योग. कार्ड बाजूला ठेवलं आणि पुढचा पेपर घेतला. डोकं इतकं शांत होतं की त्या वर्षी माझ्या वर्गातलं एकही पोर नापास झालं नाही. संध्याकाळी आमरस ओरपला.

तेव्हा माझा एक दिवसही तुझ्या खात्यात आलेला नाही. व्हरांड्यातल्या मंडळींना म्हणावं, उद्धव मास्तर येत नाही, जागा आवळून बसा. आणि दुपारी निजत जा. न निजलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं.

कुलदीप आणि साधना यांना आशीर्वाद. तुझं रागावणंही मला चालतं, फक्त ते पत्रातून येऊ दे.

तुझा
उद्धव


अमरावती
१८ फेब्रुवारी २०२५

चि. उद्धव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रडला नाहीस हे वाचून जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी राग आला. सख्खी बहीण मेली आणि तू आमरस ओरपलास. मी लहानपणी तुला कडेवर घेऊन भातकुलीचं सगळं शिवार फिरवलं त्याची ही परतफेड. असो. तू दगड आहेस म्हणूनच टिकलास, तसाच राहा.

पण ती माणसं येतातच. तू रडला नाहीस, मग ती मोकळी जागा कोणाची? काल ताराने ती पदराने झटकली. कोणी यायचं असलं की ती तशीच झटकायची. मी दिवसभर रामनाम घेतलं, पण डोळे त्या जागेवरून हलेनात.

मी ठरवलं आहे की उसनं घेतलेलं वापरायचं नाही. रात्रीची भाकरी सोडली. साधना देते त्या गोळ्या मी गिळत नाही, उशीच्या अभ्र्यात ठेवते. हे लिहिताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला आहे. तिने अभ्रा उलटा केला तरी मी दुसरी जागा शोधीन. देवमनने एकदा माझ्याकडे बघितलं की झालं.

साधना म्हणते तुझं अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. श्यामला सांग आणि डॉक्टरला दाखव. ती फेरी मला आवडली नाही.

तब्येतीचं खरं लिहायचं, एवढी माया राख.

तुझी
अक्का


अकोला
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. साधनास,
उद्धवआजोबांचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यासाठी आहे, अक्काला वाचून दाखवू नकोस. माझं हृदय थकलं आहे. डॉक्टर तरुण आहे, त्याला स्पष्ट सांगणं जड गेलं, मीच त्याला सोडवलं. फार दिवस नाहीत.

आपल्या घरात म्हाताऱ्यांपासून मरण लपवतात. देवमन गेला तेव्हा अक्काला महिनाभर सांगितलं नाही. ती रोज त्याची विचारपूस करायची आणि आपण सगळे आता बरा आहे म्हणायचो. तिला मुलासाठी वेळेवर रडता आलं नाही. आज तो व्हरांड्यात येऊन बसत असेल तर त्याला आपणच आणून बसवलं आहे, असं मला वाटतं. माझ्या बाबतीत तसं करू नका. फोन तुम्हाला येईल, पण तिला कार्डाने कळू दे. तिला कार्डाची भाषा कळते.

मी श्यामजवळ दोन कार्डं दिली आहेत. पहिलं कोरं आहे, ते श्याम लिहील आणि जाईलच. दुसरं मी लिहून ठेवलेलं, ते तिने मागितलं तर. मी ओळखतो तिला, ती मागेल.

तोवर गोळ्या वरणात कुस्करून घालता येतात का ते डॉक्टरांना विचार. तुझ्यावर फार भार टाकतो आहे, पण दुसरं कोण आहे?

उद्धवआजोबा


अशुभ
अकोला, १२ मार्च २०२५

आमचे वडील उद्धवराव काल सकाळी वारले. ती. आत्याबाईंस कळवावे.

श्याम


अमरावती
१७ मार्च २०२५

चि. उद्धव यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड आलं. साधनाने हातात दिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. मी बोटाने चाचपलं तर कोपरा फाटलेला. मी विचारलं, उद्धवच्या डोक्यावर कावळा बसला का? मग माझ्या लक्षात आलं. रडायला मी एकटीच उरले आहे, म्हणून कार्ड फक्त मला आलं.

मी रडले रे. तू दगड झालास तशी मी झाले नाही. इतकी रडले की शेजारच्या बाया धावत आल्या. तू पहिल्यांदा शाळेत गेलास तेव्हा माझा पदर सोडत नव्हतास, ते सांगून रडले. देवमनच्या वेळी मला रडू दिलं नव्हतं, तेही त्यात निघून गेलं. साधनाने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, आजी, हे खरं आहे. मी म्हटलं, असंच सांगायचं असतं, नाहीतर उपयोग होत नाही.

कुलदीप मंगळवारी अकोल्याला गेला होता, कामाला म्हणून. परत आला तो कोणाला न शिवता थेट मोरीत गेला आणि डोक्यावरून अंघोळ केली. खोट्या खबरीसाठी इतकं कोणी करत नाही, पण तो पहिल्यापासून नेटका आहे.

तेव्हा तुझं संकट टळलं. माझं जे काही उरलं आहे ते तुला लागो, मला नको. फक्त दुसरं कार्ड अजून आलं नाही. आमच्या वेळी मागोमाग आलं होतं. मी व्हरांड्यात पोस्टमनची वाट बघत बसते. तिथे आता मी एकटीच असते. ज्या दिवसापासून कार्ड आलं, त्या दिवसापासून आबा नाहीत, तारा नाही, देवमनही नाही. भिंत मोकळी दिसते. कुठे गेले असतील? तुझ्याकडे बसायला गेले असतील का, असं मनात येतं आणि मग मला दुपार काढवत नाही.

तू खुशाल आहेस एवढं लिही. एका ओळीत लिही.

तुझी
अक्का

श्यामकाका, हे पत्र तुमच्या नावाच्या पाकिटात घालते आहे. चि. लिहिताना माझा हात थांबला होता. आजींनी काल दिवसभर काही खाल्लं नाही, गोळ्यांची वाटी भिरकावली. त्यांना आतून सगळं ठाऊक आहे असं मला वाटतं, पण त्या दुसरं कार्ड मागत आहेत. आजोबांनी दिलेलं पाठवा.
साधना


अकोला
२१ मार्च २०२५

चि. सौ. साधनास आशीर्वाद. बाबांचं कार्ड सोबत आहे. मी वाचलं नव्हतं, आज वाचलं. हळू वाचून दाखव.
श्यामकाका


ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बारीक आहे, साधनाला चष्मा लावायला सांग.

कावळा बसला नव्हता. पहिलं कार्ड खरं आहे. तू हे दुसरं मागशील हे ठाऊक होतं म्हणून आधीच लिहून ठेवतो आहे.

मी तुझ्याशी खोटं बोललो. मी रडलो होतो. पेपरांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून रडलो. पेपर इतके भिजले की शाई पसरली आणि कोणी काय लिहिलं ते वाचता येईना. म्हणून सगळी पोरं पास केली. आमरस कुठला, दुसरं कार्ड येईपर्यंत मी पाणी प्यायलो नव्हतो.

जिवंतपणी हे सांगितलं असतं तर तू रोज माझ्या मरणाची धास्ती घेतली असतीस. आता घेण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगतो. सगळ्यांत जास्त मी रडलो आणि त्या सगळ्यांत जास्त मीच जगलो. रडण्याने आयुष्य जात असतं तर मी त्याच उन्हाळ्यात गेलो असतो. आबा वयाने गेले, केशवदादा दम्याने, तारा काविळीने, देवमन हृदयाने, जसा मी. तू कोणाचं काही घेतलेलं नाहीस. देवमनचं तर नाहीच. उरलेलं आयुष्य तुझंच आहे, ते मला देऊ नकोस. भाकरी खा.

दाराजवळची जागा माझी. मंडळी बसायला येत असतील असं मला वाटत नाही. मयत नाही तर बसायला कशाला येतील? पाहुणे म्हणून आली असतील, आणि तू एकदाच विचारून गप्प बसलीस. वऱ्हाडात पाहुणा पहिल्यांदा नाहीच म्हणतो. पुन्हा आली की आग्रह कर. साधनाला आधण ठेवायला सांग. देवमनला दूध दे, आठ वर्षांच्या पोराला चहा नको. माझ्या कपात साखर भरपूर घाल, आता कोणी अडवत नाही.

तुझा
चि. उद्धव