पहिली निवड आणि निखिल

आखन, जर्मनी, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, संध्याकाळ

मी असं का केलं? इथल्या आमच्या हौशी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या स्पर्धेत तीनच संघ; या खेळात चेंडू हातानेही झेलतात. शेवटच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते, आणि शेवटचे आम्हीच. कोच कॉलिन म्हणाला, "चाचणी तू पाहिलीस, नाव तू सांग."

नाव निखिलचंच सांगायला हवं होतं. तिघांच्या डोक्यावरून उडी मारून त्याने घेतलेला तो झेल! पण त्या झेलाला माझी मैत्रीण सायली उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्यासाठी कधी उठली नाही ती. मी दुसऱ्याच एका नव्या पोराचं, योनासचं नाव सांगितलं. निखिलला लगेच दुसऱ्या संघाने उचललं.

बसमध्ये सायलीने विचारलं, "अरे, निखिलला का सोडलंस?"

"तीन वर्षांचा विचार करून संघ बांधतोय. योनास लहान आहे, तयार होईल."

"तीन वर्षं? तू तर कॉलेजात तीन सेमिस्टर टिकला नाहीस!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "त्याला तुझ्याच संघात यायचं होतं रे."

तो झेल डोळ्यांपुढून जात नाही. कॉलिनलाही मी तेच तीन वर्षांचं सांगितलं. बिचाऱ्याने विश्वास ठेवला.

कॉलेज सोडताना निदान बाबांना खरं कारण सांगितलं होतं. आज तेवढंही जमलं नाही.