चौथा प्लग

६ ऑक्टोबर, रविवार

पैज लागली! तीही दादाशी, त्याच्याच गॅरेजात, त्याच्या दोन मेकॅनिकांच्या समोर.

गाडी दाखवायला गेले होते. हायब्रिड आहे, बॅटरीवर चालते तोवर चाललीय की नाही तेही कळत नाही. पण इंजिन जागं झालं की उचकी लागल्यासारखे धक्के. दादाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "स्पार्क प्लग संपलेत. चारही बदलायला हवेत. उद्या सोड गाडी."

मी विचारलं, कुठे असतात ते? म्हणाला, वीतभर खोल, अरुंद भोकात. म्हटलं, सव्वीस वर्षं लोकांच्या दाढांमध्ये याहून अरुंद भोकांत हात घालतेय मी, त्यात एवढं काय! झालं! भडकलाच. "एवढं काय? मग घरी बदलून दाखव. स्वतःच्या हाताने, चारही. दाखवलेस तर..." इथे जरा अडखळला. "तर तुझ्या त्या खुर्चीत येऊन बसतो!"

मी चाट पडले. अकरा वर्षं मागे लागलेय त्याच्या. डावीकडची खालची दाढ तुटलीय, हसला की दिसते. जेवताना सगळं उजवीकडे ढकलतो. हल्ली चहा पार थंड करून पितो. पण दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलतो. बाबांच्या तोंडात जखम झाली होती, ती त्यांनी वर्षभर लपवली, आणि दाखवली तेव्हा उशीर झाला होता. रुग्णालयाच्या सगळ्या खेपा दादाने घातल्या. तेव्हापासून तो डॉक्टरची पायरी चढत नाही. बहीण दातांची डॉक्टर आणि भावाचं तोंड तिने बघितलेलं नाही — दिव्याखाली अंधार!

रागाच्या भरात बोलून गेला असणार. मी लगेच हात पुढे केला. दोन्ही मेकॅनिक साक्षीला. आता पळून दाखव म्हणावं.

७ ऑक्टोबर, सोमवार

नवऱ्याचं मत — "तू हरणार. लहानपणापासून हरत आलीयेस." खरं आहे. गोट्या, पत्ते, झाडावर चढणं, दादाने मला एकदाही जिंकू दिलं नाही. माझी शेवटची गोटीसुद्धा नेम धरून उडवायचा. मी भोकाड पसरलं तरी परत द्यायचा नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

प्लग आले. चार इवल्याशा डब्या, आत नाजूक टोकं. हिऱ्याच्या कुड्या पाहाव्यात तशी पाहत बसले.

नवरा भूगोल शिकवतो, त्यामुळे गाडीचं पुस्तकही धडा घेतल्यासारखं वाचतो. आज तीन नियम झाले. एक — किल्ली गाडीपासून लांब, कारण हायब्रिडला लहर आली की इंजिन आपोआप सुरू होतं. दोन — मागच्या छोट्या बॅटरीची वायर आधी काढायची. तीन — नारिंगी वायरींना हात म्हणून लावायचा नाही, त्यात मरणाची वीज! 'नारिंगी' शब्दाखाली लाल पेनाने तीन रेघा मारल्यात त्याने.

प्लग किती जोर लावून आवळायचा तेही ठरलेलं आहे, त्यासाठी वेगळा पाना लागतो. म्हटलं, माझ्याकडे आहे! दवाखान्यातला, कृत्रिम दात बसवायचा. नवऱ्याने आकडे ताडून पाहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या पान्याचा जोर इथे पन्नास पटींनी कमी पडतो. मोठा पाना आता शेजारच्या सुताराच्या मुलीकडून आणलाय. ती मोटरसायकल दुरुस्त करते. तिच्याकडे काय नाही!

२० ऑक्टोबर, रविवार

अंग मोडून आलंय. पेन धरवत नाही, तरी लिहिते.

सकाळी सात वाजता अंगणात. इंजिन थंडगार. किल्ली साखरेच्या डब्यात. नवऱ्याच्या हातात फक्त टॉर्च आणि पुस्तक — हात लावायचा नाही, पैजेचा नियम! आधी वायपर काढले, मग काचेखालची लांब प्लास्टिकची पट्टी, मग तिच्याखालचा पत्रा. दोन तास गेले. गाडीचे दात दिसायच्या आधी तिचा अख्खा जबडाच उघडावा लागतो. हे दादाने सांगितलं नव्हतं, लबाड कुठला!

मग प्लगांच्या डोक्यावर बसवलेल्या, त्यांना ठिणगी पुरवणाऱ्या चार कॉइल दिसल्या. प्रत्येकीला एक बोल्ट. काढून रांगेत मांडल्या. खालच्या भोकांत धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येकात कापसाचा बोळा — ही माझी दवाखान्यातली सवय. पहिला प्लग फिरवला. कुरकुरला, किंचाळला, आणि सुटला! काळाकुट्ट, टोक झिजलेलं. नवा घालताना आधी बोटांनी उलटा फिरवायचा, आटे जुळले की 'टक्' असं हाताला कळतं, मग सुलटा. बरणीचं झाकण लावताना करतो तसंच. दुसरा झाला. तिसरा झाला. मी गाणं म्हणायला लागले.

चौथा हलेना.

कडेचा, एका पट्टीच्या आड. जोर लावला, पाना हातभर वाकला असं वाटलं, प्लग ढिम्म. आणखी लावला तर आतच मोडेल, मग अख्खं इंजिन उघडा! दाढेचं मूळ असं मोडतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. थांबले.

आवराआवर करताना बोळे मोजले. तीन! चार घातले, निघाले तीन. इंजिनात गेला की काय? दातांच्या आरशाने चारही भोकं पाहिली, टॉर्च मारमारून. नाही. पंधरा मिनिटं माझे देव पाण्यात. शेवटी बोळा सापडला नवऱ्याच्या स्वेटरच्या कोपराला चिकटलेला! त्याला एवढं ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

चौथ्याच्या कडेने गंज सोडवायचं तेल सोडलंय. त्याची कॉइल परत लावली, गाडीवर जुनी चादर टाकली. पुढच्या रविवारी बघू. आठवडाभर सायकल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

वहिनीचा फोन. म्हटलं, तीन झालेत, एक अडलाय, पण दादाला सांगू नकोस हं. "छे गं, मी कशाला सांगतेय!" वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे विसरलेच होते. आता आठवून काय उपयोग.

जाता जाता म्हणाली, "तूच जिंक बाई. हल्ली तिखट बाजूलाच, नुसतं मऊ-मऊ गिळतात. विचारलं की अंगावर येतात."

ते डोक्यातून जात नाहीये. नुसती दाढ असेल ना?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मी दवाखान्यात असताना दादा येऊन गेला म्हणे, शिडी न्यायला. बहिणीची फजिती बघायला आला असणार! नवऱ्याला विचारलं, काही बोलला का? "नाही, चहा घेतला. थंड करून."

२७ ऑक्टोबर, रविवार

निघाला!! निघाला निघाला निघाला!!

सगळी तयारी ठेवली होती, तेल, लांब दांडी, हातमोजे. पाना लावला, श्वास घेतला, आणि तो असा फिरला की मी जवळजवळ इंजिनावर आडवीच झाले. लोण्यातून सुरी. ना कुरकुर, ना किंचाळणं. आठवडाभर मुरलेलं तेल! धीराचं फळ म्हणतात ते हेच.

चौथा बसवला, कॉइल लावली. तिच्या बोल्टवर एक पिवळा ठिपका दिसला. मागच्या वेळी लक्षात आला नव्हता. कंपनीतलाच असेल. बोळे मोजले. सगळं परत लावून झालं तेव्हा एक वाजला होता.

साखर झटकून किल्ली घेतली. बटण दाबलं. दिवे लागले. आणि — शांतता. काहीच नाही. मी स्टिअरिंगला धरून बसलेली, नवरा बाहेर पुस्तक छातीशी धरून. "बिघडवली का गं?" त्याने काचेतून विचारलं. हायब्रिडचं हेच वाईट, चालू आहे की मेलीय ते आवाजावरून कळत नाही. मी देवाचं नाव घ्यायच्या बेतात होते, तेवढ्यात खालून हळूच, एकदम गुळगुळीत, घरघर सुरू झाली. धक्का नाही. उचकी नाही!

दादाला फोन लावून इंजिनाजवळ धरला. बराच वेळ ऐकत राहिला. मला वाटलं आता खुसपट काढेल. पण एवढंच म्हणाला, "छान लागलंय. बुधवारी येतो."

आयुष्यात पहिल्यांदा दादाला हरवलं! संध्याकाळी नवऱ्याला गाडीतून तीन वेळा तोच चौक दाखवला.

३० ऑक्टोबर, बुधवार

आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, नखं घासून घासून लाल केलेली, लग्नाला निघाल्यासारखा. खुर्ची मागे झुकवली तर दोन्ही हात गच्च धरून बसला. मी थट्टा करत होते — बोळे मोजून घालते हं दादा, तुझ्या बहिणीचं काम चोख असतं.

दाढ तुटलेली होतीच, टोक ब्लेडसारखं. आणि जिभेच्या डाव्या कडेला, बरोबर त्या टोकासमोर, जखम. मसुराएवढी. कडा जरा जाड.

हात थांबला नाही माझा, तेवढी सवय आहे. विचारलं, किती दिवस?

"दोन महिने." मग आढ्याकडे बघत, "बाबांसारखं आहे का गं?"

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, मला नाही माहीत दादा, तपासल्यावर कळेल. दाढेचं टोक घासून गुळगुळीत केलं. खुर्चीतून उतरताना माझा खांदा धरला आणि लगेच सोडला.

घरी आल्यावर नवऱ्यापाशी रडले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या सर्जन मैत्रिणीने तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढला. दादा तिला सांगत होता, "हिने प्लग बदलले बरं का, घरी! चारही!" स्वतःच्या हरण्याचं एवढं कौतुक करणारा माणूस मी पाहिला नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट नाही. आज एका आजोबांना दोनदा भूल दिली असती.

७ नोव्हेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला. घातक काही नाही!! दाढेच्या टोकाने रोज घासून झालेली जखम. पेशी किंचित बदललेल्या आहेत, पण किंचितच. मैत्रीण म्हणाली, आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर सांगता आलं नसतं. दाढेला टोपी घालायची आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं, बस.

फोनवर वहिनी रडत होती, मी रडत होते, आणि मागून दादा ओरडत होता, "अगं, आता तिखट करशील की नाही?"

९ नोव्हेंबर, शनिवार

दाढेचं माप घ्यायची वेळ सांगायला गॅरेजात गेले. दादा एका गाडीखाली होता. बोल्ट आवळला, खिशातून रंगाचं पेन काढलं, बोल्टवर पिवळा ठिपका दिला. दुसरा आवळला, ठिपका. मेकॅनिक म्हणाला, जुनी सवय आहे त्यांची, घट्ट केला की खूण.

घरी येऊन बॉनेट उघडलं. वाकून, आरसा घालून पाहिलं. चार कॉइल, चार बोल्ट. ठिपका एकाच बोल्टवर. चौथ्या.

नवऱ्याला विचारलं, त्या गुरुवारी दादाने शिडी नेली? तो वह्या तपासतच राहिला, कान मात्र लाल. मागच्या अंगणात जाऊन पाहिलं. शिडी भिंतीला टेकलेली. कोळ्याने जाळंसुद्धा केलंय तिच्यावर.

दादा! माझी शेवटची गोटीही न सोडणारा!

फोन केला. प्लगबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हटलं, फेब्रुवारीत परत तपासायला यायचंय. म्हणाला, "असा फुकटात नाही येणार मी. आधी ब्रेक पॅड बदलून दाखव."

म्हटलं, दाखवते. तू फक्त आदल्या गुरुवारी शिडी न्यायला ये.