खिसा उजवीकडे

तीर्थरूप बाबा, तुमच्या नि आईच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, माझ्या हातून घात झाला. वकिलांच्या जुन्या वस्तीचे काचेवरचे फोटो छापायचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे समोरासमोर दोन इमारती आहेत, दोन्हींवर आता सिमेंट थापलंय. त्यातलं जुनं कोर्ट ठेवायचं आणि दुसरी पाडायची. कोर्ट कुठल्या बाजूला होतं, ते माझ्या फोटोवरून ठरलं. डावीकडे.

काल तोच फोटो पुन्हा पाहिला. कोर्टाच्या कमानीखाली पायरीवर एक कारकून उभा आहे आणि त्याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे! मी काच उलटी लावली होती, कोर्ट खरं तर उजवीकडे होतं. "आधी खिसा बघ," असं आपल्या स्टुडिओत तुम्ही हजारदा ओरडला असाल.

साहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, "सह्या झाल्यात. तोंड उघडलंस तर दोघांची नोकरी जाईल."

आज सकाळपासून उजवीकडची पाडतायत. सिमेंट गळून पडलं आणि आतून फोटोतली कमान निघाली. मजुरांपुढे हात जोडले, त्यांनी मला वेड्यात काढलं. समोरच्या पायरीवर बसून हे लिहितोय. अर्धी कमान अजून उभी आहे.

पत्र पोचेपर्यंत काही उरणार नाही, कळतंय मला. तरी सांगा ना बाबा, आता कुणाकडे जाऊ?

आईला फक्त वरचं खोलीचं नि जेवणाचं वाचून दाखवा.

तुमचा,
धाकटा