माझी त्रेचाळीस पुस्तकं आणि अकरा कार्डं

४ मार्च
वाचनालयात नोटीस. तीन वर्षांत एकदाही कुणी घरी न नेलेली पुस्तकं एकतीस तारखेला रद्दीत. मला काय त्याचं! एकेचाळीस वर्षांत त्रेचाळीस पुस्तकं लिहिली. बडबडगीतं, हेरकथा, राजाराणी, सौरमाला, भुतं, कोडी, दातांची निगा. मुलांची नाडी आपल्याला बरोबर कळते.

५ मार्च, सकाळी ११
सहज कपाटाशी गेलो. मागच्या पानावरचे तारखांचे शिक्के पाहिले. सौरमालेवर शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा. हेरकथा तर कोऱ्या करकरीत. अर्थ उघड आहे. मुलं तिथेच उभ्याने वाचून संपवतात. घरी नेईपर्यंत धीर निघत नाही.

तीच तारीख, दुपार
पुन्हा सगळे शिक्के तपासले. तीन वर्षांतला एकही नाही. सगळी जाणार. माझ्या प्रती मी समारंभांत वाटून टाकल्या. प्रकाशक वारला. कपाटातल्या त्याच शेवटच्या.

७ मार्च
योजना तयार. पुस्तक घरी नेलं की शिक्का, शिक्का बसला की जीवदान. एका कार्डावर चार पुस्तकं. म्हणजे अकरा कार्डं. एकतीसपर्यंत एकही परत करायचं नाही. उगाच धोका नको.

१० मार्च
हिने कार्ड दिलं, वर म्हणाली, मुलांना हवीत का ते एकदा विचारा तरी. हिला साहित्यातलं काही कळत नाही. लेकीला फोन केला. लहानपणी माझी पुस्तकं किती आवडायची, असं विचारलं. म्हणाली, बाबा, तुम्ही वाचायला लागलात की मला लगेच झोप लागायची. केवढी शांत करणारी शैली! जावयाचं कार्डही मिळालं.

१६ मार्च
नऊ कार्डं. दातांच्या डॉक्टरांनी दातांचं पुस्तक स्वतःहून मागितलं. माझा वाचक! नंतर कळलं, त्यांना टेबलाच्या पायाखाली काहीतरी हवं होतं. तरी शिक्का तो शिक्काच.

२२ मार्च
फत्ते! कपाटाचा माझा खण रिकामा. बेचाळीस पुस्तकं आमच्या पलंगाखाली, एक डॉक्टरांच्या टेबलाखाली. ही दिवाणावर झोपते. रिकाम्या खणाकडे पाहून ऊर भरून आला. एवढी मागणी!

२९ मार्च
ग्रंथपाल बाई म्हणाल्या, एक मुलगी रोज येऊन तुमचं पत्ता विसरलेल्या भुताचं पुस्तक मागते. तिथे बसून अर्धं वाचलं होतं, दुसऱ्या दिवशी गायब. भूत घरी पोचलं का, म्हणून बाईंनाच विचारते. एक खरी वाचक! आणि पुस्तक माझ्या पलंगाखाली. तिथेच उभ्याउभ्या मला रडू आलं.

३० मार्च
पुस्तक घेऊन धावत गेलो. मुलगी होती. म्हणाली, मिळेना म्हणून शेवट मीच केला. भुतानं पोस्टमनला पत्ता विचारला, पोस्टमन घाबरला, भूतही घाबरलं, मग दोघं एकमेकांचा हात धरून घर शोधत गेले.

माझ्या पुस्तकात शेवटी नायकाला जाग येते आणि ते सगळं स्वप्न असतं.

तोंडून निघून गेलं, अगदी असाच आहे शेवट. खूश झाली. म्हणाली, मग आता वाचायला नको. आणि दुसऱ्या कपाटाकडे गेली.

बाईंनी विचारलं, हे तुमच्या कार्डावर पुन्हा चढवू का. राहू द्या म्हटलं.