पुलावरचे दोघे आणि वरचा मजला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, व्यवसायाने वार्ताहर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि बऱ्यापैकी रागात लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे सर्जन म्हणतात. सह्या मात्र त्यांनी भरपूर घेतल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझे थोरले बंधू, दादा, खालच्या मजल्यावरून रोज चौकशीला येतात आणि माझ्या तोंडाकडे कमी, भिंतींकडे जास्त बघून जातात. त्याला दबाव म्हणत नाहीत.

कलम १. माझे संस्कृत ग्रंथ पाठशाळेला द्यावेत. न्यायशास्त्राची दोन पुस्तके दादांना. वडिलांनी आम्हा दोघांना ती एकाच चटईवर बसवून शिकवली. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्ष प्रमाण, एवढे दादांच्या लक्षात राहिले. डोळा निर्दोष असावा लागतो, हा भाग आला तेव्हा ते बहुधा जांभई देत होते. त्या पानाला मी खूण घातली आहे. पुस्तके त्यांच्या घरी नवीच्या नवी राहतील, याची खात्री आहे.

कलम २. लांब पल्ल्याची लेन्स बगळ्याला परत द्यावी. बगळा म्हणजे आमच्या वृत्तपत्राचा निवृत्त छायाचित्रकार. एका पायावर भार टाकून गच्च्यांवर ताटकळायचा, म्हणून हे नाव. जाताना ती त्याने मला दिली होती. दादांनी 'पक्षी टिपतो' म्हणून मागून नेली. पक्षी एकही टिपला नाही. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी, दवाखान्याची पाटी आणि शेवटी सख्खी बहीण, एवढी शिकार झाली. यापुढे लेन्सला दादांचा हात लागू नये. तिपाई हवी तर न्यावी. वहिनींना कुंडी ठेवायला होईल.

कलम ३. पुढील हकीकत नोंदवणे आवश्यक आहे. आमची धाकटी बहीण पुस्तकबांधणीचे काम करते आणि माझ्याबरोबर वरच्या मजल्यावर राहत असे. गच्चीपासून बरीच लांब, पण अगदी नाकासमोर, सरळ दूर जाणारा नदीवरचा पादचारी पूल आहे. एका संध्याकाळी ती पुलाच्या अलीकडच्या टोकाशी कठड्याला टेकून उभी होती. त्याच कठड्याला, पलीकडच्या टोकाशी, व्हायोलिन शिकवणारे मास्तर उभे होते. लांब लेन्स मधले अंतर गिळून टाकते. दादांच्या फोटोत दोघांचे गाल एकमेकांना टेकले.

दादांनी फोटो ताटाएवढा करून आणला. मी दौऱ्यावर होतो. दादा, वहिनी आणि कोर्टातून निवृत्त झालेले कारकून काका यांनी दिवाणखान्यात खटला चालवून धाकटीला घर सोडायला लावले. आरोपीचे म्हणणे ऐकण्याची पद्धत काकांच्या कोर्टात नसावी. मास्तर तिच्याहून वीतभर उंच आहेत. फोटोत बोटभर ठेंगणे दिसतात. वहिनींचा नवा चष्मा हजर असूनही हे कोणाला खटकले नाही. बगळ्याने फोटोत दोघांच्या मधले कठड्याचे खांब मोजले आणि म्हणाला, "अहो, हिनं हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली नसती." मी खाली जाऊन हे सांगितले. दादा म्हणाले, "तुझा बगळा तुझ्याच बाजूनं बोलणार. मी डोळ्यांनी पाहिलंय." फोटो काढताना त्यांचा एक डोळा मिटलेला होता, हे मी नमूद करतो.

कलम ४. (हे कलम खोडले आहे, वाचता येईल अशा बेताने.) माझ्या पश्चात बगळ्याने त्याच गच्चीवरून, त्याच लेन्सने फोटो घ्यावा. पुलाच्या अलीकडे वहिनींनी उभे राहावे, पलीकडे दूधवाल्याने. फोटो ताटाएवढा करून दिवाणखान्यात लावावा. धाकटी निर्दोष असल्याचे अशा रीतीने सिद्ध झाल्यावर वरचा मजला तिला द्यावा.

कलम ५. खोडण्याचे कारण. हा मसुदा वाचून दाखवायला मी धाकटीकडे गेलो. दुकानामागच्या एका खोलीत ती राहते. खाटेवरही पुठ्ठे वाळत होते. वाचता वाचता दूधवाल्याचे वाक्य आले तेव्हा ती इतकी हसली, की खळीचा ब्रश खाली ठेवावा लागला. मग म्हणाली,

"भाऊ, आणि आम्ही खरंच जवळ उभे असतो, तर? मग मजला दादाला?"

मी म्हटले, तसे नव्हे, लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून.

"म्हणजे तूही खांबच मोजत बसलास."

लोकांना प्रश्न विचारून मी जन्मभर पोट भरले. नेमका प्रश्न तिने विचारला. तिथेच तिची पेन्सिल मागून कलम खोडले.

कलम ६. वरचा मजला, सामानासह, धाकटीचा. पूर्ण मालकीने आणि विनाअट. ती पुलावर कोणाबरोबर, किती अंतरावर उभी होती किंवा उद्या उभी राहील, याची चौकशी करणाऱ्याने जिना चढू नये. हे कायद्यात बसत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हटले, राहू द्या.

त्यासाठी तिने माझ्या मरणाचीही वाट पाहू नये. किल्ली दिली आहे, तिने घेतली आहे. परवा, रविवारी, ती राहायला येते. जिना दादांच्या दारावरून जातो. सामान सावकाश, एकेक करून आणावे, एवढी माझी तिला विनंती आहे.

स्थळ : राहते घर, वरचा मजला
दिनांक : चौदा, शुक्रवार
(सही) वार्ताहर

आमच्यासमक्ष सही केली :
१. समोरचे घड्याळजी (सही)
२. वृत्तपत्राचे मुद्रितशोधक (सही)