स्विचची जलसमाधी

सौ. कुमुद हिला,

वणीहून सप्रेम आशीर्वाद. नमस्कार हवा असेल तर तोही घे, सध्या मी सर्वांनाच करतो.

प्रकृती ठीक आहे. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतले चार कॉम्प्युटर मी एकट्याने जोडले. केबल स्वतः भिंतीला ठोकली, मधला स्विच, म्हणजे चारही केबल जिथे येऊन मिळतात तो डबा, भंगारवाल्याकडून आणला. चारही यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. इतकं आपणही बोलत नाही.

मग शेठजी म्हणाले, "मास्तर, पूजेशिवाय कामाला लावायचं नाही." मंत्र मीच म्हटले. डबा लोखंडी दिसला म्हणून शेठजींनी नारळ चालू स्विचवरच फोडला. पाणी आत, धूर बाहेर.

"काहून बंद पडलं मास्तर? मंतर चुकला काय?"

"मंत्र शुद्ध होता शेठजी, नारळ ओला होता."

कोणी हसलं नाही. दुसरा स्विच आणणार नाहीत. हे जमलं तरच मला कायम करणार होते. आता महिनाअखेरीस कायमची रजा.

आईचे गुडघे कसे आहेत? इकडे यायचं ठरलं होतं म्हणून कळंबचं घर सोडू नकोस. आपल्या निकिताचा तिथल्या शाळेचा दाखला काढला नसशील तर राहू दे. काढला असशील तर पत्राने कळव. फोनवर मला आवाज सांभाळता येत नाही.

तुझाच,
वामन