पबित्राला आईचं घर

अवधूतदादा,

ज्या नेपाळी पोरीपायी मी कॉलेज सोडलं म्हणून तू शिव्या देतोस, त्या पबित्रालाच मी आईनं माझ्या नावावर केलेलं घर देणार आहे. माझ्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकलेत. वकील म्हणाले, "लग्न नाही, नागरिकत्व नाही. मृत्युपत्राशिवाय तिला रस्त्यावर काढतील. भांडणारा भाऊच साक्षीदार होऊ दे, म्हणजे पुढं तो आडवा येणार नाही."

सहीसाठीच तुला बोलावलं, अन् "परमुलखातली बाई आईच्या घरात न्हाय" म्हणालास तशी तुझी गचांडी धरली.

तू निघून गेल्यावर पबित्रा म्हणाली, "घर राहू दे. तू मेल्यावर तुझं तोंड तरी बघू देतील का, ते विचार की."

विचारलं आणि तू "न्हाय" म्हणालास, तर तुला मारायची ताकद आता उरलेली नाही. म्हणून पत्र उशीखालीच ठेवतोय.

रागावलेला, तरी तुझाच,
अनीश